आम्ही आधी 'नको' शिकवलं

ज्या मुलांना बोलता येत नाही ती माझ्याकडे येतात. बोलता यायला लागलं की येत नाहीत. धंद्याची रचनाच अशी आहे, त्यात कुणाचा दोष नाही. शिंप्याकडे माणूस दुसरा सदरा शिवायला जातो, न्हाव्याकडे दर महिन्याला जातो. माझ्याकडे काम झालं की परत येण्याचं कारणच उरत नाही, आणि ते उरू नये म्हणूनच मी राबत असते. महिनोन्‌महिने एखाद्या पोरासमोर बसून मी 'दे', 'ये', 'पाणी' एवढंच ऐकते. ते पोर ज्या दिवशी "काल आमच्या म्हशीनं काय केलं म्हाईत हाय का" असं काही सांगायच्या बेताला येतं, त्या दिवशी त्याचे आईबाप टेबलावर पेढे ठेवून निघून जातात. म्हशीनं काय केलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी स्पीच थेरपिस्ट. मराठीत 'वाचाउपचारतज्ज्ञ' म्हणतात, पण हा शब्द उच्चारायला माझ्या पेशंटांना एक जन्म पुरायचा नाही, म्हणून तो पाटीवर घातला नाही. राहायला नांदेडला, आणि आठवड्यातले निम्मे दिवस लातूरला, मुलांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत. लोक मला 'बोलायच्या मॅडम' म्हणतात. पाटीवरचं 'स्पीच' वाचून भलतेच लोकही येतात. भोकरकडचे एक उमेदवार आले होते. "मॅडम, माईक हातात आला की घसा बसायलाय. मतदान तर जवळ आलं." मी त्यांना श्वासाचे दोन व्यायाम दिले, गरम पाणी प्यायला सांगितलं. ते पडले. पडण्याचं कारण त्यांनी गावात 'मॅडमचे व्यायाम' असं सांगितल्याचं कळलं. त्यांचे पाहुणे मला अजूनही लांबूनच नमस्कार करतात.

खरे पेशंट मात्र फार वाट बघून येतात. आधी वेखंड उगाळून जिभेवर चाटवून होतं. मग वाट बघणं, कारण प्रत्येक घरात एक आत्या असतेच, जी सांगते, "ह्याचा बाप बी उशिराच बोललाय." एकदा माझ्यासमोरच एका सुनेनं तिला ऐकवलं, "हाव आत्या, अन् सुरू झाल्यावर थांबला कुठं?"

थांबण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या घरात न थांबणारी मी. लग्नाकार्यात रात्रीची भांडी आवरली की भाचे-भाच्या माझ्याभोवती बसतात, कारण मावशी सुरू झाली की कोणाला काही करावं लागत नाही. नवरा कमी बोलतो. तो एकदा म्हणाला होता, "तू त्या पोरांना बोलायला शिकवतेस खरी, पण त्यांची पाळी कधी येते?" मी ते हसण्यावारी नेलं. पन्नाशीच्या तोंडावर मी एक पुढचं प्रशिक्षण घेतलं आणि त्याचं म्हणणं मला पडद्यावर बघायला मिळालं.

हे प्रशिक्षण घ्यायचं कारण एका प्रकारची मुलं. त्यांना ऐकू येतं, समजतं, जीभ-टाळू-ओठ सगळं जागेवर असतं. बोलायचं मनातही असतं, पण मेंदूतून तोंडाकडे निघालेला हुकूम वाटेत चुकतो. आम्ही त्याला अप्रॅक्सिया म्हणतो. बाहेरच्यांना मी स्टँडचं उदाहरण देते. गाडी आहे, ड्रायव्हर आहे, डिझेल भरलेलं आहे, पण गाडी दर खेपेला वेगळ्याच फलाटावर लागते. आज 'पाणी'चं 'बाई' होतं, उद्या 'आनी', परवा काहीच नाही. साध्या बोबड्या मुलाची चूक ठरलेली असते, ती पकडून सुधारता येते. या मुलांची चूकच ठरलेली नसते. माझ्याकडची जुनी हत्यारं इथं चालत नव्हती.

आधी काही आठवडे लॅपटॉपवर शिकवणी झाली, मग पुण्याला जाऊन राहणं, मग कित्येक महिने एका मुलासोबतच्या कामाचे व्हिडिओ पाठवायचे आणि त्यावर बोलणी खायची, तेव्हा कुठं प्रमाणपत्र. शिकवणाऱ्या केतकी मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. पुण्यातल्या पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "शिट्ट्या, फुगे, मेणबत्त्या वापरता का?" मी उत्साहानं हात वर केला. माझ्याकडे शिट्ट्यांचा एक डबाच होता. ओठांना ताकद यावी म्हणून आम्ही मुलांना फुंकायला लावायचो. त्या म्हणाल्या, "शिट्टी वाजवून शिट्टी वाजवायला येते. बोलायला बोलूनच येतं." डबा भाच्याच्या पोराला दिला. भाचसून तेव्हापासून माझ्याशी जरा तुटकच वागते.

घरी परतल्यावर ज्या मुलीचे व्हिडिओ मी पाठवले, ती श्रावणी. जळकोटच्या पुढच्या एका गावची, पहिलीत जायच्या वयाची. सोबत आई सुनीता आणि आजोबा. बाप पुण्याला कंपनीत. मुलीच्या तोंडून एक धड शब्द नाही. आणि नाव काय, तर जोडाक्षरानं सुरू होणारं, श्रावणी. नावं ठेवताना आमच्यासारख्यांना कोणी विचारत नाही.

"ऐकू येतंय हो हिला," आजोबा खुर्चीत ताठ बसून म्हणाले. पांढरा सदरा, खिशाला पेन. "गूळ कुठं ठेवलाय ते बी म्हाईत हाय. फकत बोलायली न्हाई."

बोलत नसली तरी तिनं सगळ्या घराला खुणा दिल्या होत्या. आजोबा म्हणजे खिशाच्या पेनावर बोट. आई म्हणजे मनगटावर बांगड्या फिरवणं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तिनं माझीही खूण तयार केली. चार बोटं आणि अंगठा चोचीसारखे उघडत-मिटत राहायचे, भराभर, न थांबता. सुनीता लाजून मेली. "अगं, मॅडमला असं करतेत का!" मी म्हटलं, "राहू दे, निरीक्षण चांगलं आहे."

आजोबांनी पहिल्याच दिवशी पुढचं सांगून टाकलं. मूकबधिर मुलांची एक निवासी शाळा ते बघून आले होते. जूनला तिथं घालायचं त्यांनी ठरवलं होतं.

"आजोबा, ती बहिरी नाही," मी म्हटलं. "ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती शाळा चांगलीच आहे. हिचं दुखणं वेगळं आहे."

"आसंल. पर तिथं शिकवतेत तरी. गावच्या शाळेत मोठ्या बाई म्हणल्या, वर्गात घेऊ, पर हजेरीला 'हजर' म्हणंल का? लघवीला जायचं तर सांगंल का? म्हंजे मागच्या बाकावर बसवून ठेवनार. नुस्तं बसवायला शाळा कशाला पाहिजे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मी वसतिगृहात राहून सातवी केलो. आमच्या घरातला पयला शिकल्याला मानूस मी. घरी राहिलो असतो तर दुसऱ्याच्या ढोरामागं गेलो असतो. पोराला बी वसतिगृहातच ठेवलो. घरची माया मानसाला शिकू देत न्हाई."

यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. ज्या दारातून ते स्वतः माणसांत आले, त्याच दारातून नातीला न्यायला निघाले होते. अशा माणसाशी वाद घालणं फार अवघड. सासऱ्यासमोर सुनीता सगळा वेळ जमिनीकडे बघत होती. नंतर तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. आजोबा चौकशीच्या खिडकीकडे गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मामा लई चांगले हायत. मला बी त्यांनीच बारावीला बसवलं. त्यांच्याम्होरं 'नका नेऊ' म्हणायला माझं तोंडच उघडत न्हाई. पर ही झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरती. तिथं कुनाचं धरंल?"

पुढच्या भेटीला मी आजोबांकडे जूनपर्यंतची मुदत मागितली. त्यांनी बराच विचार केला. "तवर हिला तिचं म्हणनं सांगता आलं तर गावच्या शाळेत. न्हाई आलं तर माझं ठरल्यालं हाय." आता माझ्या प्रमाणपत्राचं काय व्हायचं ते होवो, त्या पदराच्या टोकाचं काय होणार याची मला रुखरुख लागून राहिली.

या आजाराला थोडा थोडा पण सारखा सराव लागतो. महिन्यातून एकदा दवाखान्यात येऊन काही होत नाही. जळकोटहून लातूरला पोराला घेऊन सारखं कोण येणार? पण माझी नांदेड-लातूर गाडी शिरूर ताजबंदला थांबते, आणि तिथवर त्यांना यायला जीप मिळायची. मग ठरलं. मी लोह्यापासून शेजारची सीट पिशवी ठेवून धरायची, लोकांच्या शिव्या खायच्या, आणि शिरूरला मायलेकी किंवा आजोबा-नात चढले की गाडीतच काम सुरू करायचं. चाकूर येईपर्यंत माझा वर्ग भरायचा, तिथं उतरून ते परतीची गाडी धरायचे. मोबाइल पुढच्या सीटच्या दांडीला रबरानं बांधलेला.

पहिला व्हिडिओ बघून केतकी मॅडमनी विचारलं, "यात इतके लोक का बोलतायत?"

काय सांगणार? आमच्याकडे न बोलणारं मूल दिसलं की आख्ख्या गाडीला जबाबदारी वाटते. "काय नाव गं तुझं?" "बोलत न्हाई? मुकी हाय का?" "बोल की बाळा, चाकलेट देतो, बोल!" एक बाई तर हनुवटी धरून, "मावशी म्हण, मा-व-शी." श्रावणीनं आईच्या मांडीत तोंड खुपसलं ते चाकूरपर्यंत वर काढलं नाही. या मुलांना 'बोल' म्हटलं की होतं नव्हतं ते कुलूपबंद होतं. फोटोवाला "हसा" म्हणाला की आपलं चांगलं चाललेलं हसू मरतं ना, तसं. नकळत एखादा आवाज निसटतो, पण मागितला की सापडत नाही.

आणि सगळ्यात मोठा 'बोल' तिच्या घरच्या वस्तीतच होता. तिथं येताजाता प्रत्येकजण 'जय भीम' घालतो. आजोबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नातीला जय भीम घाला आणि उत्तर येईस्तोवर उभं राहा, म्हणजे सवय लागेल. हेतू किती चांगला! आणि पोरीनं पुढच्या गल्लीनं जाणंच सोडलं. मागच्या बोळातून, भिंतीला धरून जायची.

मी आजोबांना म्हटलं, "काही दिवस तिला कुणीही 'बोल' म्हणायचं नाही."

"म्हंजे लोकांनी जय भीम घालूच नये?" त्यांना ते लागलं होतं.

"घालावा की. फक्त उत्तरासाठी उभं राहू नये."

पुढच्या खेपेला सुनीता हसत हसत सांगत होती, "मामा घरोघर जाऊन आले. म्हणले, माझ्या नातीला जय भीम घाला अन् सरळ चालायला लागा. लोक म्हणले, भांडण झालं का काय?" काही दिवसांनी पोरगी पुन्हा पुढच्या ओट्यावर येऊन बसायला लागली. उत्तर देत नव्हती, पण हात वर करायची.

आता शब्द कोणते शिकवायचे? प्रशिक्षणात पक्कं सांगितलं होतं, थोडेच निवडा, आणि घरच्यांना कोणते हवेत ते बघू नका, मुलाला कोणता शब्द कामाला येईल ते बघा. आजोबांची मागणी तयार होती. 'जय भीम', 'हजर', 'आजोबा', आणि तिचं स्वतःचं नाव. सुनीताला 'मम्मी' पुरत होतं. मी काही दिवस नुसती पोरीकडे बघत राहिले. ती दिवसभर जास्तीत जास्त काय करायची, तर हात ढकलायची. भाकरीचा घास ढकलायची, कंगवा ढकलायची, गाल ओढणाऱ्या बायांचे हात ढकलायची. म्हटलं, सापडला शब्द. 'नको'.

आजोबा दुखावले. "मॅडम, एवढ्या लांबून येतो. काहीतरी चांगलं शिकवा की. 'नको' तर लेकराला न शिकवता येतं."

"हिला नाही ना आलं, आजोबा."

ते मान हलवत बसले.

काम कसं चालतं ते सांगते, सोपं आहे, फक्त सोसत नाही. आधी मी आणि ती एकाच वेळी म्हणायचं, खूप हळू, ताणून, 'नऽऽकोऽऽ', माझं तोंड तिच्या तोंडासमोर, माझं बोट तिच्या हनुवटीला हलकेच लावलेलं. जमायला लागलं की माझा आवाज काढून घ्यायचा, नुसते ओठ हलवायचे. मग तेही थांबवायचं. आणि मग गप्प बसायचं. तिच्या मेंदूतून निघालेली गाडी फलाट शोधत फिरत असते, तेवढा वेळ वाट बघायची. हा शेवटचा भाग मला येत नव्हता.

कारण व्हिडिओत दिसत होतं. पोरीचं तोंड उघडतंय, जीभ टाळूला लागायच्या बेतात आहे, आणि मी "हां, येतंय येतंय, शाब्बास, नऽ…" म्हणून मध्ये घुसले. पुन्हा उघडलं, पुन्हा मी. केतकी मॅडमनी व्हिडिओ थांबवून अगदी मऊ आवाजात विचारलं, "ताई, यात उपचार कोणावर चाललाय?" इतक्या वर्षांत माझ्यासमोर किती तोंडं अशी उघडून मिटली असतील, हा विचार मनात आला आणि अजूनही अधूनमधून येतो.

उपाय घरगुती केला. वाट बघायची वेळ आली की तोंडात खडीसाखरेचा खडा धरायचा. तोंडात खडा असला की माणूस बोलत नाही, निदान मी बोलत नाही. नवऱ्यानं पुडीकडे बघून विचारलं, "हे घरी पण घेतेस का?"

मग गाडीत आमचा खेळ जमला. तिला नको असलेल्या वस्तू मी तिला द्यायची. माझा चष्मा, डब्यातलं कारलं, दुसऱ्याची टोपी. कंडक्टर भाऊ पण सामील झाले. मशीन पुढं करून विचारायचे, "श्रावूबाई, मशीन घेता का? आज तुम्ही फाडा तिकिटं." ती हात ढकलायच्या आधी क्षणभर थांबायची, आणि तेवढ्यात काहीतरी निघायचं. 'मको.' 'अको.' 'नतो.' एकदा नुसताच श्वास. आसपासचे लोकही बघून बघून शिकले. नवीन माणूस "बोल की गं" म्हणाला की मागून कोणीतरी दटावायचं, "ओ पाहुणं, बोल म्हणायचं न्हाई. बंदी हाय."

उन्हाळा सुरू झाला होता. त्या दिवशी खडीसाखर संपलेली. मी सुनीताला आमच्या नणंदेच्या लग्नातली गोष्ट सांगत होते, आणि ती गोष्ट मी सुरू केली की मलाच आवरत नाही. वऱ्हाड निघालं, जीप पंक्चर झाली, आता मी भटजींपर्यंत आले होते. श्रावणी आमच्या मधे बसलेली. तिनं आधी माझी खूण केली, ती चोच. मी लक्ष दिलं नाही. मग तिनं तळहात माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "नको."

स्वच्छ. दोन्ही अक्षरं जागेवर. आणि प्रसंग अगदी योग्य.

मागच्या सीटवरचे म्हातारबा हसले आणि सगळी गाडी हसली. सुनीता हसत होती आणि डोळ्याला पदर लावत होती. मी माझ्या आयुष्यात इतकी खूश होऊन गप्प बसलेली नाही.

त्यानंतर शब्द एकामागून एक आले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं होत नाही. 'मम्मी' आलं, 'दे' आलं, 'चल' आलं, मग 'दे' हरवलं, पुन्हा सापडलं. तिकडे मे संपत आला. आणि एक दिवस आजोबा दवाखान्यात आले ते खांद्यावर पत्र्याची पेटी घेऊन. लातूरच्या बाजारातून नवीकोरी घेतलेली, निळी, वर पांढऱ्या रंगात श्रावणीचं पूर्ण नाव रंगवून घेतलेलं. वसतिगृहाला पेटी लागते. सुनीतानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

"मॅडम, तुमच्या मेहनतीला तोड न्हाई," आजोबा म्हणाले. "पर चार शब्दांवर वर्ष निघत न्हाई. मी खूप इचार केलो."

मला बोलायचं खूप होतं. अहवाल होते, कारणं होती, केतकी मॅडमचं नाव होतं. पण श्रावणी तोवर पेटीपाशी पोचली होती. तिनं कडी काढली, झाकण उघडलं आणि चपलांसकट आत जाऊन बसली. आम्ही सगळेच हसलो. आजोबा तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बघ श्रावू, तुझी पेटी. शाळेत जायचं न्हवं? तिथं लई पोरी हायत. झोका हाय." त्यांनी खरोखर मायेनं सांगितलं. तिचा चेहरा खुलला. आजोबांबरोबर कुठंही जायला ती तयार असायची. मग तिनं आईकडे बघितलं आणि विचारलं, "मम्मी?"

"मम्मी घरी राहनार. मी नेऊन सोडतो. दिवाळीला परत आनतो."

ती पेटीत बसूनच होती. हात कडेला धरलेले. तिच्या ओठांची हालचाल सुरू झाली आणि थांबली. आजोबांनी काही म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं. श्रावणी उठली, पेटीबाहेर आली, झाकण दोन्ही हातांनी लावलं आणि पेटी फरशीवरून ढकलत त्यांच्या गुडघ्याला टेकवली.

"नको," ती म्हणाली. मग पुन्हा ओठ जुळवले. वेळ लागला. "नको, आबा."

'आबा' आम्ही शिकवलेलं नव्हतं. आजोबांनी 'आजोबा' मागितलं होतं, तो मोठा शब्द मी पुढं ढकलला होता. हा तिनं स्वतःच कुठून तरी बांधून आणला होता, आणि पहिल्यांदा वापरला तो त्यांना नाही म्हणायला.

सुनीतानं हात देऊन आजोबांना उठवलं. ते तिलाच म्हणाले, "मी इचारलो, तिनं सांगितलं. सांगितल्यावर बी नेलो, तर मग इचारलो कशाला?" आणि माझ्याकडे वळून, पुन्हा ताठ होत म्हणाले, "पर जिम्मा तुमचा, मॅडम. मागच्या बाकावर बसवायचं न्हाई."

मी शाळेत गेले, मोठ्या बाईंना भेटले. हजेरीला हात वर केला तरी चालतो, हे त्यांनाही पटलं. पेटी घरी गेली, तिच्यात आता ज्वारी असते असं कळलं. त्या दिवशीचा व्हिडिओ मात्र नाही. मोबाइल लावायचा मी विसरले होते. केतकी मॅडमना फोन करून कबूल केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग सांगा ना, ताई." मी सांगत सुटले. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. प्रमाणपत्र नंतर दुसऱ्या व्हिडिओंवर मिळालं. ते दवाखान्यात भिंतीवर आहे, आणि लोक त्याला कॅलेंडर समजून तारीख बघायला जातात.

श्रावणी पुढं वर्ष-दीड वर्ष येत राहिली. आधी नेमानं, मग शाळा बुडते म्हणून कमी, मग फक्त सुट्टीत. वाक्यं यायला लागली तशा भेटी विरळ झाल्या. एके दिवशी सुनीता पेढे घेऊन आली, आणि मला कळलं ते काय आहे. पोरगी खाली बसून बूट घालत होती, घाईत होती, बाहेर कुल्फीवाला उभा होता. "टाटा, मॅडम" म्हणाली आणि पळाली.

नांदेड-लातूर गाडी अजून शिरूर ताजबंदला थांबते. शेजारची सीट मी आता धरत नाही, लगेच कोणी तरी बसतं. पण गाडी थांबली की मान आपोआप जीप उभ्या राहतात तिकडे वळते. नवीन मुलं आहेत, काम आहे, कमी नाही. तरी त्या फाट्यावर मला दर खेपेला वाटतं की आता ती काय बोलत असेल? कोणाशी? भांडते का? खोटं बोलायला शिकली का? मी तिला 'न' आणि 'को' जोडून दिले. त्यांच्या पुढचं सगळं बोलणं माझ्या माघारी झालं.

मागे एका शनिवारी लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभी होते. सुनीताचा फोन आला. सहजच. आजोबांना आता बरं आहे, गुडघे दुखतात. आणि श्रावणी? "काय सांगू मॅडम, डोकं उठवती हो! वर्गात सारखी बोलती म्हणून बाईंनी निरोप धाडलाय." तक्रार ऐकून मला दिवाळी झाली. म्हटलं, दे की तिला जरा.

"श्रावूऽ, मॅडमचा फोन हाय!"

लांबून आवाज आला, "मी खेळायलेऽ!"

"थांबा, धरून आनते हिला," सुनीता ओशाळून म्हणाली.

"आणू नकोस. फोन तसाच ओट्यावर ठेव आणि तू तुझं काम कर."

"अन् तुम्ही?"

"मी ऐकते."

तिला ते काही समजलं नसावं, पण तिनं ठेवला. आधी नुसता वारा, मग एक कोंबडी, मग पोरींचा गलका. त्यातून तिचा आवाज मी लगेच वेगळा काढला. लंगडीचा डाव असावा. "माझा पाय न्हाई टेकला! तू लडी हायेस, काल बी असंच केलीस, अन् आबाला खोटं सांगितलीस, मला समदं म्हाईत हाय!" समोरची काही तरी म्हणाली. हिनं तिला पुढं बोलूच दिलं नाही.

'रडी'तला 'र' अजून 'ल' येतो. त्यावर थोडं काम करायला हवं. मी सवयीनं तेवढं मनात टिपलं, आणि फोन कानाला लावून उभी राहिले. काल काय झालं होतं, आबाला काय खोटं सांगितलं, ते कळायचं होतं. नांदेडची गाडी फलाटाला लागली, लोक चढले, कंडक्टरनं घंटी मारली. मी मागून आलेल्या गाडीनं गेले.